वरातीतलं गाणं आणि विश्वकोशातली जागा

मराठी विकिपीडियावर नव्याने आलेल्या सदस्यांना मी एक सल्ला देतो: गाण्यांची पानं तपासायचं काम अंगावर घेऊ नका, आणि घेतलंच तर नाचाच्या गाण्यांपासून सुरुवात करू नका. भावगीतावरून वाद झाला तर समोरचा संगीतकार खळेकाकांची एक आठवण सांगतो, आपण दुसरी सांगतो आणि विषय मिटतो. नाचाच्या गाण्यामागे गाव असतं, मंडळ असतं, समाज असतो. ‘तुमच्या विश्वकोशात आमच्या गाण्याला जागा नाही का?’ हा प्रश्न तिथे गाण्यापुरता कधीच राहत नाही.

माझी परीक्षा झाली ती लग्नाच्या हंगामातल्या एका गाण्यावर. त्याचं नाव सांगत नाही, कारण गायक मंडळी साधी आहेत आणि झाला तेवढा मनस्ताप पुरे. गाणं सिनेमातलं नव्हतं. यूट्यूबवर आलं, डीजेवाल्यांनी उचललं आणि त्या उन्हाळ्यात आमच्या भागात त्याच्याशिवाय वरात पुढे सरकेना. कुणीतरी त्यावर पान केलं, दुसऱ्या कुणीतरी त्यावर पान काढण्याचा साचा, म्हणजे ‘हे पान वगळावं’ अशी सूचनेची चौकट, लावला, आणि दोन दिवसांत चर्चा पानावर ‘ठेवा’ म्हणणाऱ्यांची रीघ लागली. वाक्य एकच, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच, आणि बहुतेकांची खाती त्याच दिवशी उघडलेली. कुठल्यातरी ग्रुपवर हाळी दिली गेली होती, हे कळायला ज्योतिषी नको होता. मी एवढंच विचारलं, की या गाण्याबद्दल कुणी काही लिहिलं आहे का. उत्तरादाखल मिळालेल्या विशेषणांतलं सगळ्यात सौम्य ‘पुणेरी’ हे होतं. मी पुण्याचा नाही.

पानाखाली संदर्भांची भली लांब रांग होती. एकेक दुवा उघडत गेलो तसं लक्षात आलं, की सगळ्या बातम्यांमध्ये तोच परिच्छेद आहे: तरुणाईला वेड लावणारं, ठेका धरायला लावणारं वगैरे. नृत्यदिग्दर्शकाचं आडनाव एकीत चुकलं होतं, तर ते सगळ्यांत तसंच चुकलं होतं. निर्मात्या कंपनीचं प्रसिद्धीपत्रक संकेतस्थळांनी जसंच्या तसं चिकटवलं होतं. रांग कितीही लांब असली, तरी बोलणारा माणूस एकच होता, आणि तो गाणं विकणारा होता. म्हणून संदर्भ मोजण्याआधी दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. मजकुराचा उगम एक असेल तर पाचाचा एक होतो, आणि तो एकही कंपनीचा असेल तर शून्य होतो.

इंग्रजी विकिपीडियाने गाण्यांसाठी जो निकष ठेवला आहे तो मला रास्त वाटतो. कलाकार आणि कंपनी यांच्याशी संबंध नसलेल्या एकाहून अधिक प्रकाशित लेखनांचा ते गाणं हा विषय असला पाहिजे; ओघात आलेला उल्लेख पुरत नाही. अल्बमच्या परीक्षणात गाण्याला दोन ओळी मिळाल्या, तर त्या अल्बमच्या खात्यात जमा होतात. क्रमवारीतलं स्थान, पुरस्कार, इतर कलाकारांनी पुन्हा गाणं या गोष्टी ‘इथे शोधा, काही सापडेल’ एवढंच सांगतात. त्यांच्यामुळे आपोआप पान मिळत नाही. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो, त्यामुळे ‘इंग्रजीत आहे ना, मग मराठीत का नको’ हा युक्तिवाद चालत नाही. पण निकष म्हणून हे डोक्यात ठेवायला हरकत नाही.

हा निकष लावायचा कसा, हे मी ‘कोंबडी पळाली’वर शिकलो आणि इतरांनाही त्याच गाण्यावर शिकवतो. केदार शिंदे यांचा ‘जत्रा’ २००६ साली आला. संगीत अजय-अतुल यांचं, शब्द जितेंद्र जोशी यांचे, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे, पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. एवढी माहिती कुणीही देईल, पण ती सिनेमाच्या श्रेयनामावलीतली आहे आणि ‘जत्रा’च्या पानावर सुखाने मावते. वेगळं पान करायचं तर यापलीकडे कुणीतरी काही म्हटलेलं हवं. मी २००६ची कात्रणं चाळली. हाताला लागलं ते बहुतेक सिनेमाबद्दल, भरत जाधवबद्दल. गाणं असलंच तर एका वाक्यात. मग २०११-१२ उघडलं. ‘अग्निपथ’ येणार होता, अजय-अतुल यांनी तीच चाल ‘चिकनी चमेली’साठी घेतली होती, श्रेया घोषालचा आवाज होता, कतरिना कैफ नाचणार होती. आणि त्या निमित्ताने पत्रकारांना मूळ मराठी गाणं आठवलं! मराठी गाण्याबद्दल सलग चार वाक्यं लिहिली जायला हिंदी सिनेमा यावा लागला, याची चीड यायची असेल तर येऊ द्या, पण शोधायचं कुठे हे त्यातून कळतं. गाण्याच्या जन्मवर्षापेक्षा त्याच्या पुनर्जन्माच्या वर्षात जास्त सापडतं. ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’साठी २०१६ पाहाच, शिवाय त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ आला ते २०१८ पाहा.

मात्र ‘झिंगाट’च्या बाबतीत एक फसगत होते. ‘सैराट’च्या संगीतावर अमाप लिहिलं गेलं. त्यातला मोठा भाग हॉलिवूडमध्ये जाऊन केलेल्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाबद्दल आहे, दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्याबद्दल आहे, कमाईच्या आकड्यांबद्दल आहे. हे सगळं ‘झिंगाट’च्या पानावर ओतलं की पान भरगच्च दिसतं, आणि गाण्याबद्दल त्यात काहीच नसतं. मी अशा वेळी सिनेमा, दिग्दर्शक आणि नटनट्यांबद्दलची वाक्यं बाजूला काढून उरलेलं वाचतो. ‘झिंगाट’चं बरंच उरतं: चित्रपटगृहात लोक उठून नाचू लागल्याच्या बातम्या, चालीवरचं आणि ठेक्यावरचं लेखन, हिंदी अवताराशी झालेली तुलना. सगळ्या गाण्यांचं असं उरत नाही.

‘ढगाला लागली कळ’चं उदाहरण आणखी निराळं. दादा कोंडके यांच्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’तलं हे १९७८चं गाणं २०१९च्या ‘ड्रीम गर्ल’साठी वापरलं गेलं आणि त्याच्या हक्कांवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. नाचाच्या गाण्यावर न्यायालयात गंभीर चेहऱ्याने युक्तिवाद झाले, यात मला तरी दादांचाच विनोद दिसतो. असा वाद संपादकाला मोलाचा असतो, कारण त्यावर तिऱ्हाइतांनी लिहिलेलं असतं. फक्त निकालपत्रातून स्वतः अर्थ काढत बसू नये. त्यावर बातमीदारांनी आणि कायद्याच्या जाणकारांनी जे छापलं ते वापरावं.

आता यूट्यूबचे आकडे. वरातीच्या गाण्यावरच्या चर्चेत सगळ्यात जोरात फेकला गेलेला पुरावा हाच होता. नुसत्या आकड्यावर लेख लिहून पाहा: इतक्या वेळा पाहिलं गेलं, पुढच्या महिन्यात तितक्या वेळा. दुसरं वाक्य सुचत नाही. ‘गंगनम स्टाईल’ने डिसेंबर २०१२ मध्ये १०० कोटींचा टप्पा गाठला, आणि तोवर तिथे पोचलेला दुसरा व्हिडिओ यूट्यूबवर नव्हता. त्यावर जगभर लिहिलं गेलं. पुढे तो आकडा मोजणाऱ्या यंत्रणेच्या मर्यादेपलीकडे गेला, त्यावरही लिहिलं गेलं. तिथे आकडा हाच लोकांच्या लेखनाचा विषय झाला, म्हणून तो लेखात शोभतो.

क्रमवारीचा आधार तर आपल्याला जवळजवळ नाहीच. ‘मॅकारेना’ १९९६ साली अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, हे कुणीही पडताळून पाहू शकतं, कारण ती यादी १९५८पासून दर आठवड्याला निघते आहे. मराठी गाण्यांची अशी वर्षानुवर्षं चालत आलेली, सर्वमान्य यादी नाही. कॅसेटच्या काळात तर गाणं तालुक्याच्या बाजारात विकलं जायचं, जत्रेत वाजायचं, बँडवाले उचलायचे, आणि कागदावर उरायचं ते कॅसेटच्या वेष्टनापुरतं. आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ माहीत नसलेला माणूस माझ्या पिढीत मिळणं कठीण. पण त्याबद्दल त्या वेळी कुणी काय लिहिलं, हे शोधायला बसा, म्हणजे कळेल की आपली वर्तमानपत्रं कुणासाठी निघत होती.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना टोकायचं आहे. साचा लावणारा हात बहुधा त्या घरातला असतो जिथे रेडिओवर भावगीतं लागायची. त्याला नाचाचं गाणं दिसलं की नियम आठवतात. तेवढेच तोकडे संदर्भ असलेलं भावगीताचं पान वर्षानुवर्षं सुखात नांदत असतं, कारण ते ‘अजरामर’ आहे असं त्यात लिहिलेलं असतं. नाचाच्या गाण्यावर साचा लावण्याआधी भावगीताचं एक पान उघडून त्याच चाळणीतून घालून बघा. तेही गळणार असेल तर दोघांवर साचा लावा, नाहीतर दोघांनाही थोडी मुदत द्या. गाणं आवडत नाही, अश्लील वाटतं, डीजेमुळे घराच्या काचा थरथरतात, ही पान वगळण्याची कारणं होत नाहीत. काचांची तक्रार पोलिसांत करावी.

आणखी एका सापळ्याबद्दल सांगतो. एका गाण्याच्या पानावर कुणीतरी बिनसंदर्भ वाक्य टाकलं होतं, की ही चाल अमुक पारंपरिक गीतावरून घेतली आहे. काही महिन्यांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळाने ते वाक्य जसंच्या तसं छापलं. मग एका उत्साही सदस्याने तीच बातमी त्या वाक्याला संदर्भ म्हणून जोडली. आता ते वाक्य संदर्भासहित खोटं, किंवा निदान निराधार, झालं होतं. पानाचा इतिहास उघडून वाक्य कधी आलं आणि बातमी कधी छापली गेली, या दोन तारखा ताडून पाहिल्या की असा प्रकार लगेच पकडता येतो. त्यासाठी तारखा पाहायची सवय मात्र हवी.

निर्णय ‘ठेवा’ आणि ‘काढा’ एवढ्या दोनच दारांतून जात नाही. गाणं सिनेमातलं असेल आणि लिहिण्यासारखं दोन-तीन वाक्यांचंच असेल, तर ती वाक्यं सिनेमाच्या पानावर हलवावीत आणि गाण्याच्या नावाचं तिकडे पुनर्निर्देशन करावं. शोधणारा योग्य जागी पोचतो, जुना मजकूर इतिहासात शाबूत राहतो, आणि उद्या कुणी त्या गाण्यावर चांगला लेख लिहिला तर पान पुन्हा उभं करता येतं. कित्येक भांडणं या एका सोयीने मिटलेली मी पाहिली आहेत. आणि गाण्याचे बोल पानावर उतरवू नका. चाहते सगळ्यात आधी तेच करतात, आणि स्वामित्वहक्काखाली सगळ्यात आधी तेच उडतं.

वरातीच्या गाण्याला ही सोय नव्हती. त्याला सिनेमा नव्हता, गायकाचंही पान नव्हतं. ‘ठेवा’ म्हणणारे कितीही असले तरी यूट्यूबच्या आकड्यांपलीकडे कारण एकानेही दिलं नव्हतं, आणि निर्णय देणारे प्रचालक हात मोजत नाहीत, कारणं वाचतात. पान वगळलं गेलं. नंतर त्या गायकाचा मला संदेश आला. रागाचा असेल असं वाटलं होतं, पण त्याने विचारलं होतं, की पुढच्या वेळी काय करायला हवं. मी त्याला कळवलं, की पान तू स्वतः करू नकोस आणि पैसे देऊन तर मुळीच करून घेऊ नकोस. मजकूर धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या कच्च्या लेखनाच्या पानावर, राहू दे. तुझ्या गाण्यावर कुणी मनापासून लिहिलं, जिल्हा पुरवणीत का असेना, तर तो अंक जपून ठेव. त्याने लगेच एका कात्रणाचा फोटो पाठवला. लेख खरोखर चांगला होता: गाणं कसं जुळलं, हलगीचा ठेका कुठून आला, सगळं लिहिणाऱ्याने स्वतः विचारून लिहिलेलं. पण कात्रण नेमकं मजकुराभोवती कापलेलं होतं. वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही, पान क्रमांक नाही. आता तो त्या वार्ताहराला गाठतो आहे, आणि मी जिल्हा ग्रंथालयात त्या उन्हाळ्याचे अंक बांधून ठेवले आहेत का, ते विचारून ठेवलं आहे.