संघ कोणाचा?

प्रस्तावना

खेळ पाहणारा माणूस मैदानाबाहेर असतो, पण आपण बाहेरचे आहोत असे त्याला कधीच वाटत नाही. संघ जिंकला की तो ‘आपण जिंकलो’ म्हणतो. संघ हरला की मात्र ‘ते हरले’ म्हणतो. या छोट्याशा भाषिक बदलात पुष्कळ काही दडलेले आहे. हरणाऱ्या संघाचे पाठीराखे आपल्याच कर्णधारावर, प्रशिक्षकावर किंवा मालकांवर उलटतात तेव्हा नेमके काय घडते, याचा विचार या पाठात केला आहे. पाठ वाचताना तुमच्या गावातील एखादा संघ किंवा मंडळ डोळ्यांसमोर ठेवलेत तर विषय अधिक जवळचा वाटेल.

मूळ पाठ

जबलपूरला आमच्या जुन्या घरात एक लाकडी कपाट होते. त्याच्या दारावर हाताच्या पंजाएवढा एक चौकोन उरलेल्या रंगापेक्षा उजळ दिसे. तिथे पूर्वी वर्तमानपत्रातून कापलेले अजित वाडेकरांचे छायाचित्र चिकटवलेले होते, असे मला आईने सांगितले. ते चिकटवले माझ्या काकांनी, १९७१ मध्ये. फाडलेही त्यांनीच, १९७४ मध्ये. काका गन कॅरेज फॅक्टरीत कामाला होते. स्वभावाने अतिशय शांत. रेडिओवर समालोचन चालू असताना मात्र त्यांच्याशी बोलण्याची कोणाची छाती होत नसे.

१९७१ हे साल भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने विलक्षण ठरले. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांचे निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात पडले आणि मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी मुंबईचा हा मितभाषी फलंदाज कर्णधार झाला. भारताने ती मालिका १-० अशी जिंकली. नवख्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. त्याच वर्षी भारत इंग्लंडमध्येही जिंकला. ओव्हलच्या मैदानावर भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि २४ ऑगस्टला भारताने चार गडी राखून सामना जिंकला. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता. सामन्याच्या वेळी मैदानावर चक्क एक हत्तीण आणली गेली होती! असा शुभशकुन मराठी माणूस विसरेल तरी कसा? संघ परतला तेव्हा मुंबईत त्याची उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली. आमच्या मध्यप्रदेशातही आनंदाला उधाण आले. इंदूरला या विजयांची आठवण म्हणून काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारण्यात आली. तिच्यावर विजयी खेळाडूंची नावे होती. लोक तिला ‘विजय बल्ला’ म्हणू लागले. पुढे १९७२-७३ च्या हंगामात भारतात आलेल्या इंग्लंडलाही वाडेकरांच्या संघाने २-१ असे हरवले. सलग तीन मालिका जिंकणारा कर्णधार भारताने तोवर पाहिला नव्हता.

मग १९७४ चा उन्हाळा आला. इंग्लंडमधील थंडी, पाऊस आणि ढगाळ हवा वेगवान गोलंदाजांना साथ देणारी होती. भारताची सारी मदार फिरकीवर. पहिली कसोटी ११३ धावांनी गेली. दुसऱ्या कसोटीत, लॉर्ड्सवर, इंग्लंडने ६२९ धावांचा डोंगर रचला. बिशनसिंग बेदी यांनी ६ बळी मिळवले खरे, पण त्यांसाठी २२६ धावा मोजल्या. भारताचा पहिला डाव ३०२ धावांत संपला आणि फॉलोऑन मिळाला. शनिवारी संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा दुसऱ्या डावात बिनबाद २ धावा झाल्या होत्या. रविवार विश्रांतीचा. सोमवारी, २४ जून रोजी, उरलेला सारा डाव ४२ धावांत कोसळला. अवघी १७ षटके! एकनाथ सोलकर यांनी नाबाद १८ धावा केल्या. दुसऱ्या कोणालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. जखमी चंद्रशेखर फलंदाजीला येऊच शकले नाहीत. तिसरी कसोटीही डावाने गेली आणि मालिका ०-३ अशी हातची निसटली. ४२ ही भारताची कसोटीतील नीचांकी धावसंख्या पुढे शेहेचाळीस वर्षे टिकली. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत बाद झाला तेव्हा कुठे तो विक्रम मोडला.

पराभवाची बातमी रेडिओवरून घरोघर पोचली आणि जे हात हार घालण्यासाठी उठले होते त्याच हातांत दगड आले. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. इंदूरची ती बॅट लोकांनी विद्रूप केली. काँक्रीटच्या बॅटीने कोणता झेल सोडला होता? पण संतापाला असा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. त्याला हाताशी येईल अशी एखादी वस्तू, एखादा चेहरा हवा असतो. आमच्या काकांपाशी दगड नव्हता. कपाटावरचे छायाचित्र होते.

लोकांपाठोपाठ अधिकारी मंडळीही वळली. पश्चिम विभागाच्या संघातूनच वाडेकरांना वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती जाहीर केली. संघ कोणी निवडला होता, एवढ्या थंड हवेच्या देशात पुरेसे वेगवान गोलंदाज का नेले नव्हते, दौऱ्याची पूर्वतयारी काय झाली होती, या प्रश्नांसाठी कोणाच्या घराची काच फुटली नाही. माझ्या मते त्या प्रकरणातील खरी खंत हीच आहे. दगड चुकीचा होता यात वादच नाही, पण त्याचा नेमही चुकीचा होता. कर्णधार दिसतो, म्हणून तो सापडतो. निवड करणारे आणि पैशांचे निर्णय घेणारे बंद दारांआड बसतात.

वाडेकरांच्या वाट्याला हा अनुभव पुन्हा आला, तोही व्यवस्थापक म्हणून. १९९२ पासून ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते आणि १९९३ मध्ये भारताने मायदेशी इंग्लंडला ३-० असे नमवले. १९७४ चा हिशेब इतका तंतोतंत चुकता झाला की तो कोणी मुद्दाम मांडल्यासारखा वाटावा. मात्र १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना, भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० असा घसरला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसने पेटवली. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर पडले. त्याच गोंधळात एका प्रेक्षकाने श्रीलंकेचे अभिनंदन करणारा आणि क्षमा मागणारा फलक उंच धरला होता. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यावर वाडेकरांच्या जागी संदीप पाटील आले.

आता पाठाच्या शीर्षकाकडे वळू. ज्या संघासाठी माणूस उपाशी राहतो, रडतो, भांडतो, तो संघ असतो तरी कोणाचा? भारतीय क्रिकेट संघापुरते बोलायचे तर तो नियामक मंडळाचा आहे आणि मंडळ ही एक नोंदणीकृत संस्था आहे. घटनेच्या अनुच्छेद १२ नुसार मंडळ म्हणजे ‘राज्य’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बहुमताने दिला. मात्र मंडळ करते ते काम सार्वजनिक स्वरूपाचे आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हेही न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे चाहत्याचा संघावर मालकी हक्क नाही. पण त्याला प्रश्न विचारायलाच जागा नाही, असेही नाही.

फुटबॉलमध्ये हा प्रश्न अधिक उघडा पडतो, कारण तिथे क्लब विकले आणि विकत घेतले जातात. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड हा क्लब २००५ मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने घेतला आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच टाकला. काही पाठीराख्यांनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला. २०१० मध्ये हजारो जण लाल रंग सोडून क्लबच्या जुन्या हिरव्या-सोनेरी रंगांचे गळपट्टे घालून मैदानात येऊ लागले. २ मे २०२१ रोजी तर निदर्शक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. गंमत अशी की त्या हंगामात संघ दुसऱ्या क्रमांकावर होता. म्हणजे हा राग पराभवाचा नव्हता. जर्मनीत १९९८ पासून, काही अपवाद वगळता, क्लबमधील निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत असा नियम आहे.

आपल्याकडचे उदाहरण मला आमच्या शेजाऱ्यांमुळे कळले. जबलपूरच्या कारखान्यांमुळे इथे बंगाली कुटुंबे पुष्कळ आहेत. आमचे शेजारी ईस्ट बंगालचे कट्टर भक्त. हा क्लब १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या लोकांनी त्याला आपल्या हरवलेल्या गावाची जागा दिली. संघ जिंकला की घरी हिलसा मासा शिजलाच पाहिजे, अशी त्यांची रीत आहे.

२०२० मध्ये श्री सिमेंट या कंपनीने क्लबमध्ये गुंतवणूक केली आणि संघ इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. इंग्लंडचे नामवंत खेळाडू रॉबी फाउलर प्रशिक्षक होते, तरी पहिल्या हंगामात अकरा संघांत नववा क्रमांक आला. प्रशिक्षकावर टीका झालीच. पण खरा वाद कागदावरचा होता. प्राथमिक मसुद्यावर सह्या झाल्या होत्या, अंतिम करारावर सही करायला क्लबचे पदाधिकारी तयार नव्हते. सभासदांचे हक्क कायमचे जातील, असे त्यांचे म्हणणे होते. सही झाली नाही तर संघच मैदानात उतरणार नाही, अशी चाहत्यांना भीती होती. २१ जुलै २०२१ रोजी क्लबबाहेर चाहते जमले. त्यांतही दोन तट होते; एक म्हणे सही करा, दुसरा म्हणे क्लब विकू नका. पोलिसांनी लाठीमार केला. आमच्या शेजाऱ्यांनी ती दृश्ये दूरदर्शन संचावर पाहिली आणि ते आमच्या ओट्यावर येऊन गप्प बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “वहिनी, दोन्ही बाजूंना आमचीच पोरं होती.”

ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या मध्यस्थीने संघाचा खेळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या हंगामात संघ शेवटून पहिला आला. २०२२ मध्ये ती कंपनी बाहेर पडली, इमामी हा उद्योगसमूह आला. १९७४ च्या आणि या संतापात मला एक मोठा फरक दिसतो. मैदानात उतरलेल्या खेळाडूंशी या भांडणाचा संबंध नव्हता. ‘करारात काय लिहिले आहे?’ हा प्रश्न रस्त्यावर आला होता. लाठ्या बसल्या हे वाईटच, पण प्रश्न योग्य दाराशी विचारला गेला होता.

अर्थात माणसाचा स्वभाव एका घटनेने बदलत नाही. जानेवारी २०२४ मध्ये प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने ओडिशाला ३-२ असे हरवून सुपर चषक जिंकला. शेजाऱ्यांकडून आमच्याकडे माशांची वाटी आली. शाकाहारी असल्याने आम्ही ती कौतुकाने परत पाठवली. सप्टेंबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला आणि संघ पहिले तिन्ही सामने हरला, त्यांतला तिसरा गोव्याच्या संघाकडून. ३० सप्टेंबरला कुआद्रात यांनी पद सोडले. चषक येऊन जेमतेम आठ महिने झाले होते.

त्या संध्याकाळी शेजारी पुन्हा ओट्यावर आले. मी त्यांना काकांच्या कपाटाची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्यांनी विचारले, “मग काकांनी तो फोटो परत कधी लावला?” लावला नाही, मी म्हणाले. पण १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्धची तिसरी कसोटी जिंकली त्या रात्री ते कपाटापाशी बराच वेळ उभे होते, असे आई सांगत असे.

शब्दार्थ

मितभाषी – मोजके बोलणारा
निर्णायक मत – समसमान मते पडली असता निकाल ठरवणारे अध्यक्षांचे मत
विद्रूप करणे – रूप बिघडवणे
मसुदा – कराराचा कच्चा आराखडा
तट – गट, बाजू

स्वाध्याय

१. ‘दगड चुकीचा होता यात वादच नाही, पण त्याचा नेमही चुकीचा होता,’ असे लेखिका का म्हणते? तुम्हाला ते पटते का?

२. २१ जुलै २०२१ रोजी जमलेल्या चाहत्यांच्या दोन गटांपैकी तुम्ही कोणत्या गटात उभे राहिला असता? कारणे द्या.

३. तुम्ही ज्या मंडळाचे, पतसंस्थेचे किंवा क्लबचे सभासद आहात, त्याचे निर्णय कोण घेते आणि ते तुम्हाला कसे कळतात, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.

४. पाठातील ‘हातची निसटणे’, ‘छाती न होणे’ आणि ‘पारड्यात पडणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.