अमोनियाची बाटली

मुलांनो, पूर्वी आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाला येत असे. रस्त्याच्या कडेला छोटा खड्डा करून तो भट्टी पेटवी आणि भात्याने तिला वारा घाली. तांब्या-पितळेचे पातेले चांगले तापले, की त्यात कथील आणि एक पांढरी पूड टाकून तो कापसाच्या बोळ्याने भराभर पुसत असे. भसकन पांढरा धूर निघे आणि भांडे आतून चांदीसारखे चमकू लागे. आम्ही मुले ते पाहायला अगदी जवळ जात असू. धूर नाकात गेला, की खोकला येई, डोळे चुरचुरत. कल्हईवाला ओरडे, "अरे, मागे सरा!" पण मागे कोण सरतो?

ती पांढरी पूड म्हणजे नवसागर. उर्दूत आपण तिला नौशादर म्हणतो. रसायनशास्त्रात तिचे नाव अमोनियम क्लोराइड असे आहे. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या अरबी ग्रंथांतही नौशादरचा उल्लेख सापडतो. काही घरांत सर्दी झाल्यावर नवसागर आणि चुना एकत्र करून हुंगायला देत. तो वास इतका उग्र, की हुंगणारा एकदम मान मागे घेई. हा उग्र वास अमोनिया वायूचा.

जोसेफ प्रिस्टले या इंग्लंडमधील शास्त्रज्ञाने १७७४ च्या सुमारास नवसागर आणि चुना एकत्र तापवून हा वायू गोळा केला. पण गोळा कसा केला, ते पाहण्यासारखे आहे. ऑक्सिजन आपण पाण्यावर गोळा करतो. प्रिस्टलेने या वायूसाठी पाण्याऐवजी पारा वापरला, कारण हा वायू पाण्यात विरघळून जातो. नेहमीच्या तापमानाला एक लीटर पाणी सुमारे ७०० लीटर अमोनिया पिऊन टाकते! तुमच्या पुस्तकातला कारंज्याचा प्रयोग याच गुणावर चालतो. चंबूतील अमोनिया थोड्याशा पाण्यात विरघळतो, आत पोकळी होते आणि खालचे पाणी उसळून वर चढते. त्यात तांबडा लिटमस घातलेला असेल, तर कारंजे निळे होते.

कारंजे पाहून मुले टाळ्या वाजवतात. पण आपल्या शरीरात पाणी कोठे कोठे आहे, याचा विचार करा. डोळा ओला असतो. नाक आणि घसा आतून ओले असतात. फुप्फुसेही ओली असतात. अमोनियाला पाणी दिसले, की तो तेथे धावतो आणि पाण्यात विरघळून अल्क तयार करतो. 'अल्क' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. वनस्पतींच्या राखेला अरबीत 'अल-कली' म्हणत, त्यावरून तो आला आहे. अल्काचे द्रावण बोटाला लागले, की बुळबुळीत लागते, कारण ते त्वचेवरील तेलाचा साबण करू लागते. डोळ्यातही तेच घडते. आम्लाने डोळा भाजला, तर वरचा थर साकळतो आणि आम्लाला पुढे जाण्यास थोडा अडथळा होतो. अल्क मात्र थर विरघळवत आत आत उतरत जातो. म्हणून डोळ्यासाठी अल्क हा आम्लापेक्षाही वाईट शत्रू आहे.

हे सारे मला बी. एस्सी. च्या परीक्षेत लिहिता आले होते. तरीही जे घडू नये, ते माझ्या हातून घडले.

शिक्षक म्हणून माझे ते दुसरे वर्ष होते. शाळा विदर्भातील. एप्रिल महिना, परीक्षा संपलेल्या, बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन. आम्ही प्रयोगशाळेतील सामानाची मोजणी करत होतो. नववीचा एक विद्यार्थी माझ्याशेजारी उभा राहून नोंदवहीत नावे लिहीत होता. कपाटात तीव्र अमोनियाची एक जुनी बाटली होती. आत किती शिल्लक आहे ते पाहावे, म्हणून मी बूच फिरवले. ते घट्ट बसले होते. मी जोर लावला. फट्‌ असा आवाज झाला, बूच उडाले आणि फवारा वर आला.

असे का झाले, ते नंतर समजले. बाजारात मिळणाऱ्या तीव्र अमोनियाच्या द्रावणात साधारण २५ ते ३० टक्के अमोनिया असतो. २५ टक्क्यांचे द्रावण सुमारे ३८ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. म्हणजे आमच्या गावच्या उन्हाळ्यात ती बाटली बंद कुकरसारखी झाली होती. अशी बाटली उघडण्यापूर्वी बर्फाच्या पाण्यात ठेवून चांगली थंड करायची असते. मी ती हातात घेतली, तेव्हा ती कोमट लागली होती. तेवढी सूचना मला पुरेशी असायला हवी होती.

मुलगा दोन्ही हात डोळ्यांवर धरून ओरडला. मला खोकल्याने श्वास घेता येईना. तरी अंगातले पुस्तकी ज्ञान जागे झाले: अल्काला आम्ल निष्प्रभ करते. मी सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाच्या बाटलीकडे हात नेला. तेवढ्यात आमचे परिचर धावत आले. सगळी शाळा त्यांना चाचा म्हणत असे. त्यांनी माझा हात धरला.

"सर, ते ठेवा. त्याला पाणी पाहिजे, फक्त पाणी!"

चाचांचे बरोबर होते. आम्ल आणि अल्क एकत्र आले, की उष्णता निर्माण होते. शिवाय आधीच भाजलेल्या डोळ्यात आम्ल घालणे म्हणजे दुसरी जखम करणे. परीक्षानळीतला नियम डोळ्यावर चालवायचा नसतो.

चाचांनी मुलाला व्हरांड्यात नेले. नळाला पाणी नव्हते. एप्रिलमध्ये आमच्याकडे ते क्वचितच असे. त्यांनी पिण्याच्या पाण्याचा रांजण उघडला, मुलाचे डोके एका बाजूला कलते केले, बोटांनी पापण्या उघडून धरल्या आणि नाकाच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला पाण्याची धार सोडली. अशी धार धरली, म्हणजे एका डोळ्यातील पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. मुलगा हात झटकत होता. दोन मुलांनी त्याला धरले. रांजण संपला, तेव्हा बाकीची मुले शेजारच्या मशिदीच्या हौदातून बादल्या भरून घेऊन आली. पाच मिनिटांनी मुलगा म्हणाला, "चाचा, आता बरे वाटते, बस." चाचा थांबले नाहीत. घड्याळ पाहून पुरी वीस मिनिटे त्यांनी डोळे धुतले. मगच आम्ही रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, "कोणी धुतले? चांगले धुतले आहेत." उजवा डोळा बरा व्हायला तीन आठवडे लागले. डावा लवकर सुधारला. त्या तीन आठवड्यांत मी रोज संध्याकाळी त्याच्या घरी जात असे. त्याच्या अम्मीने मला कधी बोल लावला नाही. पहिल्या दिवशी फक्त एवढेच विचारले, "सर, तुम्ही जवळ होतात ना?" या प्रश्नाला मी आजही उत्तर देऊ शकलेलो नाही.

तुम्ही वर्गात अमोनिया वापराल, तो बहुधा सौम्य असेल. तरी बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊ नका. बाटली दूर धरा आणि हाताने हलकेच वारा घालून वास घ्या. खिडक्या उघड्या ठेवा, संरक्षक चष्मा लावा. तीव्र द्रावण ओतण्याचे काम शिक्षकांचे. तेव्हा तुम्ही बाजूला राहा, कुतूहल वाटले तरी. आणखी एक गोष्ट सांगतो. अमोनियाचा वास ही आपल्याला मिळालेली सूचना आहे, पण नाक या वासाला लवकर सरावते. काही वेळाने वास कमी झाला असे वाटले, म्हणून वायू गेला असे समजू नका.

घरी किंवा शाळेतही सावध राहावे लागते. मुतारीत जो उग्र वास येतो, तो अमोनियाचाच असतो. तेथे साचलेल्या घाणीवर एकदम ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरामाइन नावाचे झोंबणारे, घातक वायू निघतात. आधी भरपूर पाणी ओतावे. बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत थंडावा निर्माण करण्यासाठी अमोनिया वापरतात. तुमच्यापैकी काहींचे वडील तेथे काम करत असतील. गळती झाली, तर नाका-तोंडावर ओले कापड धरून वाऱ्याला आडवे दूर निघून जावे. ओले कापड का, ते आता सांगावे लागणार नाही.

मोजणी पुन्हा सुरू केली, तेव्हा कपाटाच्या काचेवर आणि बाटल्यांवर एक पांढरा थर दिसला. मी त्याला धूळ समजत आलो होतो. अमोनियाच्या शेजारीच हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली होती. दोन्ही बुचांतून निसटणारे वायू वर्षानुवर्षे एकमेकांना भेटत होते आणि नवसागर तयार होत होता. कल्हईवाल्याच्या धुरातला तोच. दोन्ही बाटल्या आम्ही वेगवेगळ्या कपाटांत, खालच्या फळीवर ठेवल्या. दाराजवळ झाकण लावलेला पाण्याचा मोठा पिंप आला. तो रोज भरण्याचे काम मी स्वतःकडे घेतले.

पुढच्या वर्षी तो मुलगा दहावीत गेला. एकदा मला अमोनियाची बाटली उघडायची होती. तो दाराबाहेर उभा होता. मी बुचाला हात लावण्याआधीच त्याने विचारले, "सर, बर्फात किती वेळ ठेवली होती?"