मॉनिटरमधले आकडे नक्की कोणाचे?

प्रश्न : वॉर्डातल्या मॉनिटरवर नव्या रुग्णाच्या यादीत आधीच्या रुग्णाचे बीपी दिसते. असे का होते? मागच्या नोंदी कशा पाहाव्यात?
– एक परिचारिका

उत्तर : मॉनिटर माणूस ओळखत नाही. वायरींतून येणारे आकडे तो चालू नावाखाली साठवत जातो. म्हणून रुग्ण हलवला की ‘डिस्चार्ज’ आणि नवा आला की ‘ॲडमिट’ करणे कफ बांधण्याइतकेच आवश्यक आहे. डिस्चार्ज केल्यावर अनेक मॉनिटरमधल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. त्या आधीच केसपेपरवर उतरवाव्यात.

मग घड्याळ तपासावे. ते वीस मिनिटे मागे असेल, तर औषधानंतर उतरलेले बीपी औषधाआधीच उतरल्यासारखे दिसते!

जुन्या नोंदी ‘ट्रेंड’मध्ये मिळतात. तक्त्यात नेमका आकडा सापडतो, पण रुग्णाची दिशा आलेखातच कळते. समजा, रात्री 10 वाजता नाडी 84, श्वास 16 होते आणि पहाटे 4 वाजता नाडी 108, श्वास 26 झाले. बीपी अजून ठीक असले तरी डॉक्टरांना तेव्हाच बोलवावे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ या, रुग्ण बिघडत असल्याची पूर्वसूचना देणाऱ्या गुणांकनात मिनिटाला 25 किंवा अधिक श्वासांना सर्वाधिक, म्हणजे 3 गुण आहेत. श्वासांची ही नोंद वॉर्डात सर्वाधिक दुर्लक्षिली जाते, हे खरोखर वाईट आहे.

यादीत ऑक्सिजन मध्येच 70 दिसला, तर त्याच वेळची लहर पाहावी. थंड बोट किंवा सैल प्रोबमुळेही आकडा घसरतो. समोर मात्र तसा आकडा आला, तर आधी रुग्णाकडे धावावे, प्रोब नंतर.