घटक ४ : अस्मानी, सुलतानी आणि जोखीम

४.१ प्रास्ताविक

शब्दाचा अर्थ संदर्भानुसार कसा बदलतो, हा विचार या घटकात आपल्याला एका गंभीर शब्दक्षेत्रात नेऊन पाहावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे राष्ट्रावर आणि त्यातील माणसांवर ओढवणाऱ्या संकटांचे. तुमच्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत काम करीत असेल, कोणी शाळेत शिकवीत असेल, कोणी शेती सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असेल. संकटाला कोणते नाव मिळाले यावरून जबाबदारी कोणाकडे जाते आणि मदत कोणापर्यंत पोहोचते, हे तुम्ही जवळून पाहिले असेल. त्या अनुभवाकडे येथे भाषेच्या अंगाने पाहू.

४.२ एक जुनी जोडी

मराठीने संकटांची विभागणी अस्मानी आणि सुलतानी अशी केली आहे. फारसी ‘आस्मान’ म्हणजे आकाश. सुलतान म्हणजे राज्यकर्ता. अवर्षण, गारपीट, टोळधाड ही अस्मानी. जुलमी सारा, स्वारी, लूट ही सुलतानी. संस्कृत परंपरेत याहून जुनी अशी सहा ‘ईतीं’ची यादी आढळते: अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेला भिडलेले राजे. पोपटांचे नाव वाचून हसू येईल. पण कणसांवर उतरलेला थवा ज्याने पाहिला आहे तो हसणार नाही. या यादीत निसर्ग आणि शेजारचा राजा एकाच पंक्तीला बसले आहेत. मराठी जोडीने ती पंक्ती मोडली आणि संकटाचा कर्ता कोण, हा प्रश्न उभा केला.

आधुनिक काळात मात्र या दोन शब्दांमधील रेषा पुसट झाली आहे. १२ नोव्हेंबर १९७० रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. समुद्राच्या लाटेने किमान तीन लाख माणसे नेली. हे अस्मानीच होय. परंतु मदतकार्यातील दिरंगाईने पश्चिमेकडील सत्तेविषयीचा आधीचा रोष तीव्र झाला. पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत अवामी लीगने पूर्वेकडील जवळजवळ सर्व जागा जिंकल्या आणि १९७१ मध्ये बांगलादेश जन्मला. वादळाने देश तोडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भाषेचा, अर्थकारणाचा आणि प्रतिनिधित्वाचा संघर्ष जुना होता. तरी अस्मानीच्या पोटात सुलतानी कशी दडलेली असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. नव्या देशाने पुढे स्वयंसेवकांचे जाळे विणले, निवारे बांधले. २००७ मधील ‘सिद्र’ चक्रीवादळही अतितीव्र होते. त्यातील मृतांची संख्या हजारांत राहिली, लाखांत गेली नाही.

४.३ वाक्यातील कर्ता

आता आपल्या राज्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. या घटनेविषयी पुढील तीन वाक्ये पाहा.

(अ) भूकंपाने हजारोंचे बळी घेतले.
(आ) घरे कोसळून हजारो माणसे दगावली.
(इ) दगड-मातीच्या जड घरांखाली सापडून हजारो माणसे दगावली.

तिन्ही वाक्ये खरी आहेत. पहिल्यात भूकंप हा कर्ता असून क्रियापद सकर्मक आहे. एखाद्या दैत्याने बळी घ्यावा तशी ही रचना. दुसऱ्यात ‘कोसळणे’ आणि ‘दगावणे’ ही दोन्ही क्रियापदे अकर्मक. घरे जणू आपली आपणच पडली. तिसऱ्यात प्रथमच कारणाचा मागमूस लागतो. जाड भिंती आणि वर मातीचे थर दिलेले माळवद हे बांधकाम उन्हाळ्यात गारवा देणारे, हाताशी असलेल्या दगड-मातीतून उभे राहणारे होते. ते रहिवाशांचे अज्ञान नव्हते. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला. येथे वर्गीकरण करणाऱ्या तज्ज्ञाचाही शब्द, ‘कमी धोका’, घटनेचा एक घटक ठरतो.

किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात ६.९ तीव्रतेचा, म्हणजे सुमारे दहापट ऊर्जेचा, भूकंप झाला. त्यात ६३ माणसे मृत्यू पावली. अशी तुलना सावधपणे करावी, कारण केंद्राचे अंतर आणि दिवसाची वेळ वेगळी होती. तथापि एवढी मोठी तफावत केवळ त्यांनी स्पष्ट होत नाही. ‘भूकंपाने बळी घेतले’ हे वाक्य ही तफावत दिसूच देत नाही, म्हणून वृत्तलेखनात ते वापरताना विचार करावा, असे माझे मत आहे.

४.४ धोका, जोखीम, आपत्ती

बोलण्यात हे शब्द अदलाबदलीने येतात. शास्त्रीय लेखनात तसे चालत नाही. जमीन हादरणे किंवा नदीला पूर येणे हा धोका. त्या धोक्याच्या वाटेत कोण, किती आणि कशा स्थितीत आहे हे जमेस धरले की जोखीम ठरते. प्रत्यक्ष हानी समाजाच्या आवाक्याबाहेर गेली की ती आपत्ती. निर्जन वाळवंटातील भूकंपात धोका आहे, आपत्ती नाही.

‘जोखीम’ हा शब्द विशेष लक्षात घ्यावा. जुन्या मराठीत अंगावरच्या दागिन्यांना किंवा जवळच्या रोकडीलाही जोखीम म्हणत. गमावण्यासारखे काही असेल तरच जोखीम असते, हा अर्थ शब्दातच होता. (‘विमा’ हा शब्दही भयवाचक फारसी ‘बीम’शी जोडला जातो.) याउलट ‘आपत्ती’च्या मुळाशी येऊन कोसळण्याचा भाव आहे, तो शब्द माणसाला झेलणारा ठरवतो.

४.५ व्याख्येची किंमत

‘अतिवृष्टी’ हा ईतींच्या यादीतील शब्द आज महसूल खात्याच्या कागदावर आला आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पर्जन्यमापक गावापासून दूर असतो. तेथे ६० मिलिमीटर नोंदले गेले आणि इकडे सोयाबीन कुजले, तर शेतकऱ्याची अतिवृष्टी आणि शासनाची अतिवृष्टी एक राहत नाही. बोलीतील शब्द मोजमापाविना चालतो. कायद्यातील शब्दाला काठ लागतो आणि काठाबाहेर माणसे राहतात. आठ-दहा दिवसांच्या संततधारेला या व्याख्येत जागा नव्हती. २०२३ मध्ये राज्य शासनाने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बोलीतला एक साधा शब्दप्रयोग पारिभाषिक संज्ञा बनला.

स्वयंअध्ययनासाठी

१. ‘पुराने गाव गिळले’ हे वाक्य ४.३ मधील (इ) प्रमाणे पुन्हा लिहा. त्यासाठी कोणती माहिती मिळवावी लागेल, तेही नोंदवा.

२. तुमच्या परिसरातील एखाद्या अलीकडच्या संकटाची बातमी आणि त्याचा पंचनामा मिळवा. दोन्हींत त्या संकटासाठी वापरलेली नामे आणि क्रियापदे वेगळी काढा. ज्यांचे नुकसान झाले त्यांना तीच घटना स्वतःच्या शब्दांत सांगण्यास विनंती करा आणि तिन्ही नोंदी शेजारी ठेवून कर्ता कोठे बदलतो ते लिहा.