रोगांची नावे आणि रोजची इंग्रजी

रोगाचे खरे कारण कळले तरी त्याचे जुने नाव सहसा बदलत नाही. ‘मलेरिया’ हा शब्द इटालियन भाषेतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ ‘दूषित हवा’. हिवताप डासांमुळे पसरतो याचा महत्त्वाचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबाद येथे मिळाला; परंतु नाव तेच राहिले. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

‘लेपर’ या शब्दाचे मात्र तसे नाही. कुष्ठरोग्यासाठी असलेला हा शब्द नित्याच्या इंग्रजीत ‘वाळीत टाकलेला माणूस’ या अर्थाने वापरला जातो. हान्सेन यांनी १८७३ साली या रोगाचे जंतू शोधले. आज तो औषधांनी पूर्ण बरा होतो. रुग्णास ‘लेपर’ म्हणू नये, असा ठराव हवाना येथील आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने १९४८ मध्ये केला. तरीही भारतातील १८९८ चा ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

शरीरातील रोग औषधाने जातो. पण लोकांच्या तोंडी राहिलेला शब्द बऱ्या झालेल्या माणसालाही रोगीच ठेवतो. म्हणून असा शब्द उच्चारण्यापूर्वी तो कोणाच्या कानी पडेल, याचा विचार करावयास हवा.