नावापलीकडची पारख

प्रस्तावना

बाजारात गेलेला ग्राहक पुष्कळदा वस्तूच्या आधी तिच्यावरील नाव पाहतो. वडिलांनी ज्या छापाचे घड्याळ वापरले त्याच छापाचे मुलगाही घेतो. या सवयीत वावगे काही नाही. नाव म्हणजे अनुभवातून साठलेला विश्वासच असतो. परंतु जी वस्तू दोन-तीन वर्षांत बदलते आणि जिचे गुण डोळ्यांना दिसत नाहीत, अशा वस्तूच्या बाबतीत केवळ नावावर विसंबणे महागात पडते. संगणकातील ग्राफिक्स कार्ड ही अशीच एक वस्तू आहे. अनेकांच्या बाबतीत तिची किंमत म्हणजे काही महिन्यांची बचत असते. हे कार्ड निवडताना कोणता विचार करावा, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावरील दोन नावांमधील फरक सांगता येईल;
• आपल्या कामाची गरज ओळखून वस्तूची निवड करता येईल;
• जाहिरातीतील प्रशंसा आणि माहिती यांतील भेद ओळखता येईल;
• ग्राहक म्हणून आपले हक्क सांगता येतील.

मूळ पाठ

एका खोक्यावरील दोन नावे

संगणकाच्या पडद्यावर जे चित्र उमटते, त्यासाठी प्रचंड आकडेमोड करावी लागते. ही आकडेमोड करणारी चिप, तिची स्वतंत्र मेमरी, तिला थंड ठेवणारे पंखे आणि या सर्वांना आधार देणारी पट्टी मिळून ग्राफिक्स कार्ड तयार होते.

कार्डाच्या खोक्यावर बहुधा दोन नावे असतात. पहिले नाव चिपची रचना करणाऱ्या कंपनीचे. या क्षेत्रात मुख्यतः तीन कंपन्या आहेत. एनव्हिडिया १९९३ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिची कार्डे ‘जीफोर्स’ या नावाने ओळखली जातात. १९८५ मध्ये कॅनडात स्थापन झालेली एटीआय ही कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. तिचे ‘रेडिऑन’ हे नाव मात्र टिकून राहिले. प्रोसेसरसाठी प्रसिद्ध असलेल्या इंटेलने २०२२ मध्ये ‘आर्क’ या नावाने या स्पर्धेत उडी घेतली.

दुसरे नाव असते प्रत्यक्ष कार्ड जुळवणाऱ्या कंपनीचे. आसूस, गिगाबाइट आणि एमएसआय या तैवानमधील कंपन्या अशी कार्डे बनवतात. त्या चिप विकत घेतात आणि पंखे, पट्टी व खोके आपले वापरतात. म्हणून एकाच चिपची चार कार्डे चार नावांनी विकली जातात. त्यांच्या वेगात सहसा थोडाच फरक असतो. पंख्यांचा आवाज, कार्डाची लांबी, वॉरंटी आणि किंमत यांत मात्र तो बराच असू शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एनव्हिडिया आणि एएमडी या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या अनेक चिप तैवानमधील टीएसएमसी या एकाच कंपनीच्या कारखान्यांत तयार होतात. ज्या दोन नावांवरून ग्राहक हिरिरीने वाद घालतात, त्यांचा माल अशा प्रकारे एकाच भट्टीतून बाहेर पडतो.

कीर्ती कायमची नसते

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीने ‘वूडू’ नावाचे कार्ड आणले आणि संगणकावरील खेळांच्या जगात तिचा दबदबा निर्माण झाला. परंतु अवघ्या चार वर्षांत, २०००च्या अखेरीस, या कंपनीने आपली मालमत्ता एनव्हिडिया या प्रतिस्पर्ध्यालाच विकण्याचे जाहीर केले. नावाची कीर्ती आजच्या वस्तूची हमी देत नाही, आणि उद्याच्या सेवेची तर मुळीच देत नाही, हाच या घटनेचा बोध आहे.

पहिला प्रश्न : काम कोणते?

‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या कामासाठी?’ हे शब्द जोडल्यावरच तो पूर्ण होतो. पत्रलेखन, हिशेब, ऑनलाइन अर्ज आणि अभ्यासाच्या चित्रफिती पाहणे एवढेच काम असेल, तर बहुतेक प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेली ग्राफिक्सची सोय पुरेशी असते. तेथे वेगळे कार्ड घेण्याची गरजच नाही.

आता दुसरे उदाहरण पाहू. एखादा तरुण लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करून उपजीविका करतो. संकलन झाल्यावर अंतिम फाइल तयार होण्यास तासन्‌तास लागतात. या कामाला एन्कोडिंग म्हणतात. अनेक कार्डांत त्यासाठी खास विभाग असतो आणि त्यामुळे वेळ वाचतो. मात्र एनव्हिडियाच्या जीटी १०३० या कार्डात हा विभाग नाही. एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डांतही तो नाही. तरुणाने नाव पाहून यांपैकी एखादे घेतले, तर ज्या टप्प्यासाठी पैसे मोजले त्याच टप्प्यात त्याला कार्डाची मदत होणार नाही. हंगाम तोंडावर असताना अशी चूक हातची कामे घालवू शकते. येथे दोष एका कंपनीचा नाही, कारण दोघींच्याही यादीत या कामास योग्य आणि अयोग्य अशी दोन्ही प्रकारची कार्डे आहेत.

काही कामांत मात्र चिपच्या कंपनीला खरोखर महत्त्व येते. एनव्हिडियाने २००७ मध्ये उपलब्ध केलेल्या ‘कूडा’ या प्रणालीवर संशोधनाची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची अनेक सॉफ्टवेअर आधारलेली आहेत. असे सॉफ्टवेअर शिकावयाचे असेल, तर एनव्हिडियाचे कार्ड सोयीचे ठरते. उलटपक्षी, लिनक्स वापरणाऱ्याला एएमडीचे कार्ड सोपे वाटते, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्येच समाविष्ट असतो. दोन्ही ठिकाणी कंपनीचे नाव कामामागून येते, कामाच्या पुढे धावत नाही.

नाव तेच, वस्तू निराळी

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण या बाजारातही आठवते. २०१७ मध्ये आलेल्या जीटी १०३० मध्ये जीडीडीआर५ प्रकारची २ गिगाबाइट मेमरी होती. ती सेकंदाला सुमारे ४८ गिगाबाइट माहिती वाहून नेऊ शकत असे. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ प्रकारच्या मेमरीचे कार्ड आले. मेमरी तेवढीच, २ गिगाबाइट. माहिती वाहून नेण्याची क्षमता मात्र सेकंदाला सुमारे १७ गिगाबाइट, म्हणजे एक-तृतीयांशाच्या आसपास. एएमडीचीही गोष्ट निराळी नाही. २०१७ मध्ये आलेल्या आरएक्स ५६० मध्ये आकडेमोड करणारे १०२४ घटक होते. पुढे त्याच वर्षी, त्याच नावाखाली, ८९६ घटकांची कार्डेही विकली जाऊ लागली.

म्हणून खोक्यावरील मोठी अक्षरे वाचून थांबू नये. कार्डाचे पूर्ण नाव, मेमरीचे प्रमाण आणि तिचा प्रकार या तिन्ही गोष्टी वाचाव्यात. त्याच नेमक्या कार्डाच्या चाचण्यांचे निष्कर्ष दोन-तीन ठिकाणी पडताळावेत.

घरातील संगणकाशी मेळ

कार्ड कितीही उत्तम असले, तरी ते आपल्या संगणकात बसले पाहिजे. कॅबिनेटमधील मोकळी जागा मोजावी आणि तिची कार्डाच्या लांबीशी तुलना करावी. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून वेगळी तार जोडावी लागते. सहा पिनांची तार ७५ वॅट आणि आठ पिनांची १५० वॅट वीज देते. ही सोय नसेल, तर पॉवर सप्लायही बदलावा लागतो. तो खर्च कार्डाच्या किमतीतच धरावयास हवा.

छापाला खरे महत्त्व कोठे?

गरज ठरली, चिप ठरली आणि मेळ जमला, की मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या नावाकडे वळावे. येथे विचारावयाचा प्रश्न असा : कार्ड बिघडले तर ते कोठे न्यावे लागेल? दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूतील एसपी रोड किंवा चेन्नईतील रिची स्ट्रीट येथे खरेदी करणारा ग्राहक दूरच्या तालुक्यात राहत असेल, तर जवळचे सेवाकेंद्र हाच त्याच्या दृष्टीने मोठा गुण ठरतो. वॉरंटी किती वर्षांची, कार्ड पाठवण्याचा खर्च कोणाचा, बिलावर अनुक्रमांक लिहिला आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

जुने कार्ड घेताना अधिक सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. अशी कार्डे वाईटच असतात असे नाही. पण चालवून पाहिल्याशिवाय आणि उरलेल्या वॉरंटीची खात्री केल्याशिवाय ती घेऊ नयेत.

फसवणूक झाल्यास ग्राहक निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला असून त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धही तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता सेवेचा दूरध्वनी क्रमांक १९१५ आहे. मात्र तक्रारीचा पाया पक्के बिल हाच असतो. थोडी रक्कम वाचवण्यासाठी बिल न घेणारा ग्राहक आपला हक्कच दुकानात ठेवून येतो.

पाठगत प्रश्न

१. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर कोणकोणत्या प्रकारची दोन नावे असतात?
२. रिकाम्या जागा भरा :
(अ) इंटेलने ‘आर्क’ ही कार्डे ______ मध्ये आणली.
(आ) मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ______ वॅट वीज मिळते.
३. चूक की बरोबर ते सांगा : ‘एकाच नावाच्या दोन कार्डांचे गुण नेहमी सारखेच असतात.’

भाषाभ्यास

‘अजोड वेग’, ‘अप्रतिम चित्र’, ‘८ गिगाबाइट मेमरी’, ‘१५० वॅट वीज’ हे शब्दसमूह पाहा. ‘अजोड’ आणि ‘अप्रतिम’ ही गुणविशेषणे आहेत. ‘८’ आणि ‘१५०’ ही संख्याविशेषणे आहेत. जाहिरातीतील गुणविशेषण बहुधा प्रशंसा करते, आणि प्रशंसा मोजता येत नाही. संख्याविशेषण माहिती देते व ती पडताळता येते. परंतु संख्याही एकटी पुरेशी नसते, हे ‘२ गिगाबाइट मेमरी’ या उदाहरणावरून तुम्ही पाहिलेच आहे. संख्या कशाची, कोणत्या प्रकारची, हे विचारल्यावरच तिचा अर्थ पूर्ण होतो.

तुम्ही काय शिकलात?

• चिपची रचना करणारी कंपनी आणि कार्ड बनवणारी कंपनी बहुधा वेगवेगळ्या असतात.
• निवडीचा क्रम असा असावा : काम, चिप, पूर्ण नाव व मेमरी, संगणकाशी मेळ आणि शेवटी सेवा.
• पक्के बिल हा ग्राहकाच्या हक्काचा आधार आहे.

शब्दार्थ

पारख – परीक्षा, गुणदोषांची ओळख; छाप – ब्रँड, व्यापारी चिन्ह; अंगभूत – मुळातच असलेले; दबदबा – वचक, प्रभाव; कथील – पांढरट, मऊ व स्वस्त धातू.

स्वाध्याय

१. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीचा अर्थ पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न अपुरा का आहे, ते आठ-दहा ओळींत लिहा.
३. तुमच्या घरातील कोणत्याही एका यंत्राच्या वेष्टनावरील मजकूर वाचा. त्यातील गुणविशेषणे आणि संख्याविशेषणे वेगळी करून लिहा.
४. सदोष वस्तू बदलून मिळावी, यासाठी दुकानदारास पत्र लिहा. बिलाचा क्रमांक, खरेदीचा दिनांक आणि वस्तूतील दोष यांचा त्यात उल्लेख करा.