विहिरीचा कठडा : श्रमिकांच्या सुरक्षिततेचा एक धडा

आपल्या जिल्ह्यातील वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या महिला शेतमजूर दि. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात कामासाठी निघाल्या होत्या. त्यांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. सात महिला मृत्युमुखी पडल्या. तिघांना वाचविता आले. शासनाने वारसांना मदत जाहीर केली आणि समाजाने हळहळ व्यक्त केली.

अशा घटनेला आपण सहजपणे ‘दुर्दैव’ म्हणतो. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस हा शब्द तपासून पाहावासा वाटतो. कारण दुर्दैव म्हटले की कारणांचा शोध तेथेच थांबतो.

गिरण्यांच्या आरंभकाळी यंत्रात कामगाराचा हात गेला, तर दोष त्याच्या नशिबाला किंवा निष्काळजीपणाला दिला जाई. पुढे कामगार चळवळीने आणि कायद्याने ही दृष्टी बदलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. थकलेल्या हाताला इजा लवकर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या सुधारणेचे मोल कळते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तर धोकादायक यंत्राला कुंपण आणि जमिनीतील खड्ड्याला झाकण अथवा कठडा घालणे मालकावर बंधनकारक केले. माणूस चुकणारच; त्याची चूक त्याच्या जिवावर बेतू नये, अशी जागा घडविणे हे व्यवस्थेचे कर्तव्य होय, हे तत्त्व त्यामागे आहे.

परंतु २०२५ पर्यंत लागू असलेला हा कायदा कारखान्यापुरता होता. शेतातील विहिरीच्या काठावर राबणाऱ्या मजूर बाईला त्याचे छत्र नव्हते. मालवाहू ट्रॉलीत माणसे बसविणे नियमबाह्य आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण शिवारापर्यंत दुसरे वाहन नसेल, तर रोजंदारी बुडवून घरी राहण्याची मुभा तिला कोठे असते?

म्हणून उपाय तिच्या सावधगिरीवर सोपवून चालणार नाही. विहीर खणताना निघालेला दगड बहुधा तिच्याच काठावर पडून असतो; त्यातून कठडा उभा राहू शकतो. पडीक विहिरी जाळीने झाकून, पाणी गाळून आत सोडले, तर धोका टळेल आणि भूजलही वाढेल. पाणंद रस्ता विहिरीपासून दूर वळवावा, वळणावर खुणेचे दगड रोवावेत, पावसाने निसरडी होणारी जागा मुरूम टाकून पक्की करावी.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज ग्रामपंचायतींत, बांधकाम खात्यात, शाळांत आणि शेतात आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या उघड्या विहिरींची यादी करून ती येत्या ग्रामसभेत मांडावी, आणि पावसाळ्यापूर्वी निदान रस्त्याकडेच्या विहिरींना कठडे व्हावेत, असा ठराव करून घ्यावा. गुंजच्या त्या सात भगिनींना वाहिलेली आदरांजली अशा कामानेच अर्थपूर्ण ठरेल.